दुसरा हात कुठे आहे?

दादा, सा. न.

दांडिया बाजारातला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी पाडला, आता तिथे अपार्टमेंट उभं राहतंय. पाडताना मी हट्ट करून एक सागवानी तुळई आणि माजघराच्या दाराच्या दोन फळ्या मागून घेतल्या. आम्ही आता मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ती लाकडं गॅलरीत उभी आहेत. माझं वय 53. गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हापासून व्हिडिओ बघून सुतारकाम शिकते आहे. एक स्टूल आणि एक चपलांचं रॅक झालं. (रॅक थोडं डुलतं.) यंदा गणपती बसवायला या सागाचा चौरंग स्वतः करायचा, असं मनात आहे.

गेल्या महिन्यात हातकरवतीने डाव्या अंगठ्याला लागलं, तीन टाके पडले. भाचा म्हणाला, हातकरवतच धोक्याची, मशीन घे. त्याने एक मार्बल कटर आणून दिलंय. ते उलटं करून प्लायच्या टेबलाला खालून बसवायचं, की झाला टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या फिरत्या ब्लेडवर लाकूड ढकलून कापायचं यंत्र) तयार. आमच्याकडे फर्निचर करून गेलेले मिस्त्री म्हणाले, ‘बेन, गार्ड काढी नाखो, एना वगर चोख्खु देखाशे.’ (म्हणजे, ताई, ब्लेडवरचं झाकण काढून टाका, त्याच्याशिवाय स्वच्छ दिसेल.) सासूबाई म्हणतात, आपल्या घरात सुतारकी कुणी केली नाही, बायकांनी तर नाहीच नाही. आमचे हे काही बोलत नाहीत, पण कटरची वायर दर दोन दिवसांनी वेगळ्या कपाटात सापडते.

मशीन लावू का? लावायचं तर कसं? आणि सासूबाईंना काय सांगू?

– वाड्याची सून, वडोदरा

ताई,

आधी तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. माणूस विचारी दिसतो.

मशीन उलटं लावू नका. भाच्याचा उत्साह मी समजू शकतो, तशा जुगाडाचे व्हिडिओ मीही पाहिलेत. पाहताना खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो. कारण पुढे सविस्तर सांगतो. पण त्याआधी तुमच्या अंगठ्याबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तिथे आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत.

कसं लागलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी अंदाज बांधतो, चुकला तर कळवा. लाकूड स्टुलावर आडवं ठेवलं होतं. त्यावर डावा गुडघा किंवा डावा तळवा दाबलेला. करवत नेमकी रेघेवर टेकावी म्हणून डाव्या अंगठ्याचा आधार दिला आणि पहिलाच हात जोरात पुढे मारला. करवत लाकडात शिरायच्या आधी उडाली आणि शेजारी जे मऊ होतं त्यात शिरली. बरोबर?

मी 31 वर्षं मुलांना लाकूडकाम शिकवलं. त्या सगळ्या वर्षांत वर्कशॉपमध्ये दिवसातून वीस वेळा एकच वाक्य ओरडायचो, ‘दुसरा हात कुठे आहे?’ मुलांनी पुढे माझं नावच ‘दुसरा हात’ पाडलं होतं, पाठीमागे अर्थात. पण बघा ना, करवत ज्या हातात असते त्या हाताला कधी काही होत नाही. तो मुठीच्या मागे सुरक्षित असतो आणि आपलं सगळं लक्षही त्याच्याकडे असतं. कापला जातो तो दुसरा, लाकूड धरून बसलेला, जो आपण विसरलेलो असतो. हातकरवतीलाही हे लागू आणि मशीनलाही. फरक एवढाच की हातकरवत तीन टाक्यांवर भागवते.

म्हणून कोणती करवत घ्यावी हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, लाकूड धरायचं कशात?

तुमच्याकडे टेबल कसलं आहे ते माहीत नाही, पण स्टुलावर आणि गुडघ्यावर कापणं आजपासून बंद. एक जड टेबल हवं, भिंतीला टेकलेलं, साधारण तुमच्या मनगटाच्या उंचीचं. हात सरळ खाली सोडून उभ्या राहा, मनगट जिथे येतं तिथे टेबलाचा माथा. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची सी-क्लॅम्प दोन आणा, जमलं तर चार. दुकानदार विचारेल, घरात एवढे कशाला? घ्या तुम्ही. लाकूड क्लॅम्पने टेबलाला आवळलं की तुमचा दुसरा हात मोकळा झाला. आता तो पाठीमागे ठेवलात तरी चालेल. सुरुवातीला मी मुलांना खरंच डावा हात कंबरेच्या पट्ट्यात खोचायला लावायचो.

चौरंगाच्या आधी एक छोटी वस्तू करा. एक दिवसाचं काम आहे आणि जन्मभर पुरतं. इंग्रजीतून आलेलं नाव ‘बेंच हुक’, आमचे जुने मिस्त्री त्याला नुसतं ‘पाट’ म्हणायचे. 18 मिलिमीटर प्लायचा, एक फूट लांब आणि आठ इंच रुंद तुकडा घ्यायचा. त्याच्या एका टोकाला वरच्या अंगाला एक पट्टी स्क्रूने बसवायची, दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाला दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला तुम्ही लाकूड टेकवता. करवत पुढे ढकलली की तिचाच जोर लाकडाला पट्टीवर दाबून धरतो. जोर जितका जास्त तितकं लाकूड घट्ट. दुसरा हात पट्टीच्या पलीकडे, पात्यापासून वीतभर लांब आरामात टेकलेला. वरची पट्टी पाटाच्या रुंदीपेक्षा उजव्या बाजूला दीडेक इंच आखूड ठेवा, म्हणजे करवत आरपार गेली तरी टेबलाऐवजी पाटावर उतरते. तुम्ही डावखुऱ्या असाल तर उलट.

आता हात कसा मारायचा. करवतीची मूठ तीन बोटांत, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ पुढे ताणलेली. गंमत करून बघा, तर्जनी मुठीत वळवून कापलं की रेघ वाकडी जाते, ताणली की सरळ. खांदा, कोपर आणि पातं एका रेषेत असलं पाहिजे, त्यासाठी टेबलासमोर जरा तिरकं उभं राहावं लागतं. रेघ पेन्सिलीने न मारता गुण्या (सुताराचा काटकोन) लावून धारदार सुरीने मारा. सुरीच्या रेघेत करवतीचा दात आपोआप बसतो, पेन्सिलीवर घसरतो. पहिले तीन-चार हात पुढे मारायचेच नाहीत, नुसते मागे ओढायचे, हलके, करवतीच्या स्वतःच्या वजनाने. केसाएवढी खाच पडली की मग पुढे. अंगठ्याचा आधार तुम्ही तूर्त देऊच नका. रेघेला लागून एक चौकोनी ठोकळा क्लॅम्प करा आणि पातं त्याला टेकवून सुरुवात करा. ठोकळ्याला टाके घालावे लागत नाहीत.

आणि करवत दाबू नका. दाबावी लागत असेल तर ती बोथट आहे. बोथट करवत नव्या करवतीपेक्षा धोक्याची. तिला रेटावं लागतं आणि रेटलेली वस्तू एकदम सुटते. तुमची करवत किती वर्षांची आहे? चपलांच्या रॅकवरून शंका येते.

उभ्या चिरेची करवत वेगळी आणि आडव्या कापाची वेगळी, हे व्हिडिओत सांगितलं असेलच. रेषांच्या दिशेने लाकूड उभं फाडायचं तर मोठे, विरळ दात, पटाशीसारखे खरवडत जाणारे. रेषा आडव्या तोडायच्या तर बारीक, जास्त दात, प्रत्येक दात सुरीसारखा तिरपा घासलेला. घरगुती कामाला एकच घ्यायची तर इंचाला 10-11 दातांची घ्या. तिने उभी चीरही निघते, फक्त वेळ लागतो. प्लाय कापताना हातकरवतीसाठी चांगली बाजू वर ठेवा, कारण आपल्याकडच्या करवतीचे दात ढकलताना खाली कापत जातात आणि कपच्या खालच्या बाजूला उडतात. हातात धरून चालवायच्या विजेच्या गोल करवतीचं बरोबर उलटं. तिचे दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली. रेघेवर कागदी टेप चिकटवून कापलं तर कपच्या निम्म्याने कमी.

आता ते मार्बल कटर.

नावातच आहे ते कशासाठी आहे. फरशी आणि ग्रॅनाइट कापायला केलेलं यंत्र. आपल्याकडे त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून सगळे मिस्त्री प्लाय कापतात, मीही कापलाय, खोटं कशाला बोलू. पण हिशोब करा. ब्लेड 110 मिलिमीटरचं, मशीन रिकामं फिरताना मिनिटाला 12,000 फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे दाताच्या टोकाचा वेग ताशी जवळपास 250 किलोमीटर. या वेगाने निघालात तर अहमदाबाद अर्ध्या तासाच्या आत. त्याच्या मूळच्या, फरशी कापायच्या हिऱ्याच्या ब्लेडला दात नसतात, ते दगड घासत जातं. लाकडाचं ब्लेड चावतं. आणि जे चावतं ते फेकतंही.

फेकण्याची गोष्ट नीट समजून घ्या. टेबल सॉवर ब्लेडचे पुढचे, तुमच्याकडचे दात वरून खाली कापतात, लाकूड टेबलावर दाबून ठेवतात. तोवर ठीक. पण मागच्या बाजूला तेच दात खालून वर येत असतात. कापलेलं लाकूड आतल्या ताणामुळे मिटलं, किंवा ज्या बाजूच्या पट्टीला टेकवून ते सरकवतात तिच्यापासून जरा तिरकं झालं, की मागचे दात ते पकडतात, उचलतात आणि तुमच्या दिशेने भिरकावतात. याला किकबॅक म्हणतात. खऱ्या टेबल सॉमध्ये ब्लेडच्या लगेच मागे पोलादाची एक पाचर उभी असते, ती चीर मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दातांपर्यंत पोचू देत नाही. भाच्याच्या टेबलात ती पाचर कुठे आहे?

मी तिशीत होतो तेव्हाची गोष्ट. शिसवीची हातभर लांब, बोटभर जाड पट्टी चिरत होतो. रोजचं काम. मागे कुणीतरी हाक मारली, मी मान वळवली, पट्टी केसभर तिरकी झाली. मला काही दिसलं नाही, फक्त आवाज आला, कपाळावर नारळ फोडल्यासारखा, आणि मी भिंतीला टेकून बसलेलो होतो. पट्टी पोटावर, पट्ट्याच्या बक्कलवर लागली होती. बक्कल वाकलं. दोन इंच वर लागली असती तर हे सदर दुसरं कुणी लिहीत असतं. पण त्या पट्टीपेक्षा मला नंतर जास्त घाम फुटला तो दुसऱ्या विचाराने. लाकूड झटक्यात निघून जातं तेव्हा ते ढकलणारा हात पुढे जातच राहतो, आणि पुढे आता लाकूड नसतं, ब्लेड असतं. बहुतेक बोटं अशी जातात.

उलट्या कटरमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. मशीन टेबलाखाली गेलं की त्याचं बटण दाबून धरायला हात उरत नाही. मग लोक बटण लॉक करतात किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकतात आणि भिंतीवरच्या स्विचने चालू-बंद करतात. काही झालं, तर एका हाताने लाकूड दाबून दुसरा हात भिंतीपर्यंत न्यायचा. बंद केल्यावरही ब्लेड काही सेकंद फिरतच असतं. काही जण तर मशीन उलट्या तोंडाने बसवतात, मग ब्लेड लाकूड स्वतःच आत ओढून घेतं, हातासकट.

कायदेशीर, कंपनीच्या, पाचर आणि गार्ड असलेल्या टेबल सॉंची ही कथा आहे का? तीही आहे. अमेरिकेत घरोघरी गॅरेजमध्ये टेबल सॉ असतात आणि तिथे त्यांच्यामुळे वर्षाला सुमारे 30,000 लोक जखमी होतात. तिथल्याच एका पेटंट वकिलाने, जो शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, बोट ब्लेडला टेकताच ते सुमारे 5 मिलिसेकंदांत थांबवणारं तंत्र काढलं. दाखवायला तो ब्लेडवर सॉसेज सरकवायचा, त्यावर नुसता ओरखडा उमटायचा. तंत्र उत्तम, पण महाग.

मिस्त्रींवर रागावू नका. त्यांचा हात 20 वर्षांचा आहे आणि त्यांना दिवसाला अमुक फूट काम उरकायचं असतं. गार्ड काढल्यावर रेघ दिसते हेही खरं. फक्त पुढच्या वेळी आले की चहा देताना त्यांच्या बोटांकडे नजर टाका. मी कुठल्याही नव्या मिस्त्रीला भेटलो की आधी ते मोजतो, वाईट सवय आहे. आणि रेघ दिसायची गरज ज्याला सरळ पट्टीचा आधार नाही त्याला. फळीवर सरळ पट्टी क्लॅम्प केली, मशीनची पाया-प्लेट तिला टेकवून चालवली, की रेघ बघावीच लागत नाही. गार्ड राहू द्या. कटरचा गार्ड तसाही अर्धवट असतो, गोल करवतीसारखा आपोआप मिटत नाही. आहे तोही काढायचा म्हणजे पावसात छत्री मिटून नुसता दांडा हातात धरण्यासारखं.

एवढं सगळं सोडा. तुमच्या कामाला ते कटर उपयोगीच नाही. 110 मिलिमीटरचं ब्लेड जेमतेम 30-35 मिलिमीटर खोल कापतं. वाड्याची तुळई चार-पाच इंच जाड असेल. ती उलट्या कटरवर काय फाडणार?

ती लातीवर न्या. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, आमच्याकडे लाकडाच्या वखारीला लाती म्हणतात.) तिथल्या आऱ्यावर (मोठ्या यांत्रिक करवतीवर) इंचाच्या फळ्या पाडून द्यायला किती वेळ लागणार? पण नेण्याआधी एक काम घरी करा. जुन्या लाकडात खिळे असतात, दिसणारे आणि न दिसणारे. वाड्याच्या तुळईत तर पाळण्याचे आकडे, दिव्याच्या वायरीच्या चुका, तोरणाचे खिळे, चार पिढ्यांचं लोखंड. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधा आणि तुळईच्या चारही अंगांवरून सावकाश फिरवा. ते जिथे ओढ घेईल तिथे खडूने खूण. मग जंबूर घेऊन एकेक काढा, तुटले तर आजूबाजूचं लाकूड पटाशीने कोरून काढा. खिळा दिसला की आरेवाला हात जोडतो आणि त्याचं बरोबर आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वात मजेचं तेच. खिळा निघतो आणि कशासाठी ठोकला होता ते घरात कुणाला तरी आठवतं.

फळ्यांवर जुना तैलरंग असेल तर तो घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, घासलं की धूळ होऊन पोटात जातं, आणि तुमच्याकडे लहान मुलं येत असतील तर फारच वाईट. ती बाजू रंध्याने उतरवण्यापेक्षा लातीवरच पातळ काप काढून टाकायला सांगा.

मशीन हवंच असेल तर जिगसॉ घ्या. पातं अरुंद, वरखाली हलणारं, सोडलं की लगेच थांबतं. सरळ रेघेत ती तितकीशी शहाणी नाही, पण वळणं छान घेते, चौरंगाच्या खालच्या झालरीची महिरप तिनेच निघेल. पातं फळीच्या खाली बाहेर येतं, हे मात्र विसरायचं नाही. पुन्हा तोच प्रश्न, दुसरा हात कुठे आहे. बरेच जण तो फळीखाली आधाराला धरतात. मोठा प्लाय असेल तर दुकानातच पॅनल सॉवर मापात कापून घ्या, बहुतेक ठिकाणी करून देतात. अगदीच घरी कटर चालवायची वेळ आली तर सुलटं, गार्डसकट, प्लाय जमिनीवर दोन इंची थर्मोकोलच्या शीटवर पसरून, ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा 5 मिलिमीटर जास्त. सगळीकडून आधार असल्यामुळे चीर मिटत नाही. दोन खुर्च्यांवर प्लाय ठेवून मधोमध कापलात तर तो मध्ये झोळतो, चीर ब्लेडला आवळते आणि मशीन तुमच्या मांडीकडे उडी मारतं. ब्लेड बदलताना प्लग काढून खिशात. नुसतं बटण बंद करून चालत नाही.

फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण मोज्याचा धागा अडकला की मोजा सुटत नाही, हात ओढला जातो. बांगड्या, लांब मंगळसूत्र, ओढणी, मोकळी वेणी, यांचंही तेच. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, आणि सागाच्या धुळीसाठी एन-95 मास्क. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, ते एक. दुसरं गंभीर. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 पासून माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. एका चौरंगाने काही होत नाही, पण तुम्ही एकावर थांबणाऱ्यातल्या वाटत नाही.

चौरंगाबद्दल दोनच गोष्टी. पाय स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. आपल्या जवळच संखेडा आहे, सागाला खराद्यावर घडवून लाखेचं काम करणारे खराडी तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. तुमच्या तुळईतले चार तुकडे त्यांच्याकडे द्या आणि पाय कातून आणा, तो मरून-सोनेरी रंग हवा तर तोही. दुसरं, वरचा पाट दोन-तीन फळ्या जोडून कराल तेव्हा खालच्या आडव्या पट्ट्या फेविकॉलने चिकटवून टाकू नका. पट्टीत स्क्रूची भोकं लांबट ठेवा. भाद्रपदातल्या हवेत दीड फुटी पाट रुंदीत दोन-चार मिलिमीटर फुगतो आणि उन्हाळ्यात आवळतो. हलायला जागा नसली तर वैशाखात एका रात्री फट्‌ असा आवाज येतो आणि सगळं घर जागं होतं. लातीवरून आणलेल्या फळ्या महिनाभर घरात, मध्ये काड्या घालून रचून ठेवा, मगच हात लावा.

सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न मला लाकडापेक्षा अवघड आहे. ‘आपल्या घरात कुणी केलं नाही’ या वाक्यामागे बहुतेक वेळा अंगठ्याचे तीन टाके असतात, जात किंवा बाईपण नंतर येतं. सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन काढलं ते याच गावात, हाताच्या कामाला शिक्षण म्हणावं म्हणून, दादासाहेब फाळके तिथे शिकले, वगैरे भाषण तुम्ही देऊ शकता. उपयोग होईल असं वाटत नाही. त्यापेक्षा त्यांना विचारा, वाड्यातला जुना चौरंग केवढा होता? उंची किती, पाट चौकोनी की आठ कोनी, कडेला नक्षी होती का, गणपतीची पाठ कुठल्या भिंतीला असायची? माप त्यांच्याकडून घ्या. त्या हाताने दाखवतील, तुम्ही टेप लावा. तुळईतून निघालेला प्रत्येक खिळाही त्यांना दाखवा.

टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंत ना? डॉक्टरांना विचारून घ्या. आणि घरात एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवा. मोठी जखम झाली तर हळद किंवा कॉफी भरायची नाही. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं, हात छातीच्या वर, आणि 108 ला फोन. देव न करो, पण बोटाचा तुकडा पडलाच तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, नाहीतर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. हे कागदावर लिहून टेबलाच्या वर भिंतीला लावा.

राहता राहिले तुमचे मिस्टर. फळी कापताना शेवटचे दोन इंच उरले की तुटणारा भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, करवत अडकते किंवा कोपऱ्यातून फाळका निघतो. तिथे कुणीतरी तो भाग हलकेच पेलून धरावा लागतो, वर न उचलता, फक्त पडू न देता. तुमचा दुसरा हात तिकडे न्यायचा नाहीये. त्यांना बोलवा. हे काम न बोलता करता येतं.

वायर मात्र तूर्त त्यांच्याकडेच राहू द्या.